माणिक चौक, नंदुरबार

नंदुरबार शहराच्या जुन्या बाजारपेठेतील चौक. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच बालवीर हुतात्मा झाले. खानदेशाच्या स्वातंत्र्यलढ्यात या जागेइतके हृदयाला भिडणारे ठिकाण दुसरे नाही.

‘चले जाव’ चळवळीला त्या दिवशी बरोबर महिना पूर्ण झाला होता. मुलामुलींची प्रभातफेरी बाजारातून निघाली. ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं’ ही त्यांची घोषणा गुजरातीत होती. सरहद्दीवरच्या या गावात व्यापारी घराघरांतून गुजराती बोलली जाते, आणि शिरीषकुमारही अशाच घरातला. तिरंगा त्याच्या हाती होता. चौकात पोलिसांनी मिरवणूक अडवली. अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली, तेव्हा ‘गोळी मारायची तर मला मार’ म्हणत तो पुढे झाला, असे गावात पिढ्यानपिढ्या सांगतात. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. चौकात हुतात्म्यांचे स्मारक असून दरवर्षी ९ सप्टेंबरला तेथे अभिवादन होते.

बाजार त्याहून कितीतरी जुना. सुरत–बऱ्हाणपूर व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जाई. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या वृत्तांतातही या गावाचा उल्लेख आहे. गणेशोत्सवात जुन्या गावातून दादा आणि बाबा या मानाच्या गणपतींचे रथ निघतात. विसर्जनाच्या दिवशी होणारी त्यांची ‘हरिहर भेट’ पाहायला आसपासच्या खेड्यांतून माणसे येतात.

शहराबाहेर हिवाळ्यात लाल मिरचीच्या पथारी दिसतात. बाजार समितीत घेतलेली ओली मिरची व्यापारी येथे उघड्यावर वाळत घालतात. निवडण्या-पसरण्याचे काम मजूर करतात, त्यांत आदिवासी स्त्रिया पुष्कळ. अवकाळी पाऊस आला की माल भिजून काळा पडतो, मजुरीही बुडते. नंदुरबारची खरी ओळख करून घ्यायची असेल तर चौकानंतर या पथारीच पाहाव्यात.

शहाद्याच्या वाटेवर तापीकाठी प्रकाशा हे तीर्थक्षेत्र लागते. भाविक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. तेथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. त्याच्याही उत्तरेला सातपुड्यात तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण आहे.