एकच उतार, दहा वेळा
माउंटन सायकल घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

दिवाळी झाली की दुकानात दोन प्रश्न हमखास येतात. "तोरणमाळ जमेल का?" आणि "पुढचा फोर्क बदलला तर उतारावर फरक पडेल का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: जमेल, पण घाई नको. दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं की आमचाच गल्ला रिकामा राहतो, तरी देतो. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांड्यांचा जोड, तूर्त राहू द्या. धुळ्याच्या आसपास मुरमाच्या टेकड्यांना तोटा नाही. त्यातला तीस मीटरचा एक उतार निवडा आणि तोच दहा वेळा उतरा.

हिशोब करून बघा. रविवारी चाळीस किलोमीटर फिरून येता. त्यात तुम्हाला धडकी भरवणारं वळण एकदाच येतं आणि चार सेकंदांत संपतं. घरी येऊन शेवभाजी समोर येईपर्यंत तिथं ब्रेक कुठं दाबला होता, तेही आठवत नाही. हिवाळ्यातले पंधरा रविवार धरले तर त्या वळणावरचा तुमचा सगळा सराव एक मिनिटाचा. त्याऐवजी एका सकाळी तेच वळण दहा वेळा घेतलं तर चाळीस सेकंद होतात, आणि आधीची चूक ताजी असतानाच पुढची फेरी सुरू होते. फरक पडतो तो या ताजेपणाने.

या खेळाची सुरुवातच अशी झाली आहे. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसच्या भागात काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या उतारावरून १९७६ पासून घड्याळ लावून उतरू लागली. त्या सायकलींना पेडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराचं नाव पडलं रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. आम्ही मेकॅनिक लोक, आम्हाला ही गोष्ट जरा जास्तच आवडते.

जागा कशी निवडायची

वीस ते पन्नास मीटर पुरे. त्यात अडचण एकच हवी: एक वळण, किंवा दगडाची एक पायरी, किंवा नाल्यात उतरून लगेच वर चढणारा एक तुकडा. तिन्ही एकत्र असतील तर काय चुकलं ते कळणार नाही. खाली थांबायला मोकळी, सपाट जागा पाहिजे. पहिल्यांदा सायकल आडवी ठेवून पायी उतरा. सुटे दगड कुठे आहेत, पाणी कुठून वाहिलं आहे, वेडी बाभूळ कुठे वाकली आहे, हे पायांना आधी कळू द्या. सायकल ढकलत परत वर यायला दीड-दोन मिनिटं लागतात, तीच तुमची विश्रांती. ते टाळायला मोटारसायकलवाल्या मित्राला बोलावू नका.

आणि हो, लोक बघतील. आमच्यातला एक जण पाटाच्या कडेला असाच वरखाली करत होता, तर शेजारच्या वावरातले आप्पा बांधावर येऊन उभे. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" त्यांना वाटलं, पोराचं काहीतरी हरवलंय. सहाव्या फेरीला तेच सांगत होते, "त्या दगडाच्या डावीकडून घे." आणि डावीकडूनच बरोबर होतं.

चुन्याची रेघ

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते ब्रेकबद्दल, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात तक्रारी "ब्रेक लागत नाही" अशा असतात आणि त्यातल्या बऱ्याच सायकलींचे ब्रेक ठणठणीत असतात.

सुक्या मुरमावर चाक म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय. टायरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकिंगला खर्च केली की वळायला उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. ऐकायला सोपं आहे. पण भीती वाटली की बोटं आपोआप आवळतात, नेमकी वळणाच्या पोटात, आणि पुढचं चाक निसटतं.

यावर आमचा उपाय क्रिकेटच्या मैदानावरून उचललेला. थोडा चुना घ्या आणि वळणाच्या दोन-तीन मीटर आधी आडवी रेघ मारा. रेघेपाशी ब्रेक सुटलेला पाहिजे, बास. पहिल्या फेऱ्यांत इतके हळू जा की रेघ आरामात पाळता येईल. जमलं की वेग थोडा वाढवा, रेघ तिथेच ठेवा. वेग वाढला की ब्रेक लावायला सुरुवात किती आधी करावी लागते, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. दुप्पट वेगाला थांबायचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलो होतो, पण ते पटतं या रेघेवर.

ब्रेक दोन्ही वापरायचे, एकेका बोटाने. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. त्याला घाबरून फक्त मागचा दाबणारे घसरत जातात. मात्र उजवा लिव्हर पुढचा की मागचा, हे निघण्याआधी सायकल हाताने ढकलून तपासा. सगळ्या सायकलींना सारखं नसतं.

एका फेरीत एकच गोष्ट

पहिल्या दोन फेऱ्या फक्त नजरेसाठी. पुढच्या चाकाकडे न बघता वळण जिथे संपतं तिथे बघायचं. मग दोन फेऱ्या ब्रेकसाठी. मग अंगासाठी: पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं मोकळी, बूड सीटवरून उचललेलं. सीट आधीच चार बोटं खाली घेऊन ठेवा, नाहीतर ती मध्ये येते. सगळं एकदम सुधारायला गेलात तर काहीच सुधारत नाही. मोबाइल बॅगेला टेकवून ठेवा आणि स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. आपण वाकलो आहोत असं आपल्याला वाटतं, व्हिडिओत मात्र माणूस खांबासारखा ताठ दिसतो.

आठ-दहा फेऱ्या झाल्या की थांबा. लागोपाठ दोन फेऱ्या बिघडल्या तर त्याआधीच थांबा. हाताचे पंजे आखडले की माणूस शिकत नाही, पडतो.

फक्त घोटून भागत नाही

आता थोडं उलटं बोलतो. एकाच तुकड्यावर महिनाभर राहिलात तर तो तुकडा पाठ होईल, सायकल येईलच असं नाही. अमेरिकेत शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये एक प्रयोग केला होता. हातात टेनिसचा चेंडू धरून लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने पाडायच्या, असे तीन वेगवेगळे क्रम. एका गटाने एकेक क्रम घोटून मग पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही मिसळून केले. सरावाच्या वेळी घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं, तर मिसळून करणारे पुढे निघाले.

म्हणून आमचा सल्ला असा. हात बसेपर्यंत एकच तुकडा घोटा. तो जमला की त्यात बदल करा: उजवीऐवजी डावी बाजू धरा, वेग बदला, शेजारचं उलट्या दिशेचं वळण घ्या, तिन्ही आलटून पालटून करा. चुका वाढतील, वाढू द्या. आणि पुढच्या रविवारची पहिलीच फेरी लक्ष देऊन बघा. आज दहावी फेरी कशी गेली, यापेक्षा आठवड्याने पहिली कशी जाते, तो खरा निकाल.

सायकलचं थोडं

दर वेळी हवा सारखीच ठेवा. आज पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढच्या वेळी तीस असेल तर बदल तुमच्यात झाला की टायरमध्ये, ते कळणार नाही. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असेल तर तीसच्या आसपास, ट्यूबलेसला पंचविसाच्या आसपास, इथून सुरुवात करा. टायरवर छापलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. ट्यूबलेसचं सीलंट, म्हणजे टायरमधली भोकं बुजवणारं द्रव, आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं, आणि बाभळीचे काटे व कपाशीच्या पऱ्हाट्यांचे खुंट त्याचीच वाट बघत असतात. डिस्क ब्रेकचे पॅड नवीन बसवले असतील तर आधी सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता चालण्याइतका हळू करा. त्याशिवाय ते पूर्ण धरत नाहीत.

हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे पॅड घाला आणि सोबत एक माणूस ठेवा. यावर चर्चा नाही.

कुठे, कधी

वावरातून जायचं तर मालकाला विचारून. पेरलेल्या रानात चाक नको, बैलगाडीला वाट आधी. लळिंग किल्ल्याच्या पायऱ्या आणि तटबंदी सायकलसाठी नाही. अनेर, यावल, गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. पावसानंतर काळ्या मातीत उतरलात तर चाक आणि फोर्क यांच्यात चिखल भरून सायकल खांद्यावर घेऊन यावं लागेल, वर चाकोऱ्या पडून वाटही बिघडेल. मुरूम लवकर निथळतो, तिकडे जा. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी परत. डिसेंबर-जानेवारीत उलट: पहाटे पारा अनेकदा दहाच्या खाली असतो आणि गारठलेली बोटं ब्रेकवर उशिरा पोचतात, तेव्हा ऊन अंगावर आल्यावरच निघा.

निघायच्या आदल्या दिवशी सायकल दुकानात आणा. हवा आणि पॅड बघायचे पैसे घेत नाही. चुना पानवाल्याकडे नका मागू, त्याची डबी एका रेघेत संपेल. रंगवाल्याकडे पावशेर मिळतो, हिवाळाभर पुरतो.