प्रेअरी पॉटहोल प्रदेशातील शिकार, मासेमारी व वन्यजीव व्यवस्थापन

कॅनडाचे अल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा हे प्रांत आणि अमेरिकेतील मोंटॅना, नॉर्थ व साउथ डकोटा, मिनेसोटा व आयोवा या राज्यांत पसरलेला सुमारे ७ लाख चौ. किमी.चा हा गवताळ, आता बव्हंशी शेतीखाली आलेला मुलूख. हिमयुगाच्या अखेरीस मागे हटलेल्या हिमनद्यांमुळे येथे लाखो उथळ खळगे तयार झाले; त्यांना पॉटहोल म्हणतात. बर्फ वितळले की ते भरतात. काही दोन-तीन आठवड्यांत आटतात, काही वर्षभर टिकतात. उथळ पाणी लवकर तापते, त्यात कीटक व गोगलगायी माजतात आणि अंडी घालू लागलेल्या बदकमाद्यांना नेमका हाच आहार लागतो. उत्तर अमेरिकेतील निम्म्याच्या आसपास रानबदके याच पट्ट्यात जन्मतात. नांदूर मधमेश्वर किंवा उजनीवर हिवाळ्यात दिसणारे तलवार बदक व थापट्या या जातीही येथे वीण करतात. महाराष्ट्रात येणारे थवे मात्र आशियाच्या उत्तरेकडचे.

मॅलार्ड (एक रानबदक), तलवार बदक यांच्या माद्या घरटे करतात ते गवतात, कधीकधी पाण्यापासून किलोमीटरभर लांब. घरटी शोधण्यासाठी संशोधक दोन गाड्यांमध्ये लांब साखळी बांधून ती गवतावरून ओढत नेतात. साखळी जवळ येताच मादी उडते; तेथे खुणेची काठी रोवली जाते. मग एकेक अंडे छोट्या नळीच्या तोंडाशी धरून सूर्याकडे पाहतात, आतल्या सावलीवरून उबवणीचा दिवस कळतो. मॅलार्डची संख्या टिकायला १०० पैकी साधारण १५ घरट्यांतून तरी पिले बाहेर पडावी लागतात. गवत नांगरून त्याचे तुकडे झाले की कोल्हे, स्कंक आणि रॅकून यांना घरटी आयती सापडतात. म्हणूनच येथील बदकांचे भवितव्य बंदुकीपेक्षा नांगरावर अधिक अवलंबून आहे. अमेरिकेच्या १९८५ च्या शेती कायद्याने जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्यास वार्षिक भाडे देऊ केले आणि पाणथळ जागा बुजवून पीक घेणाऱ्याचे अनुदान रोखले. धान्याचे भाव चढले की ही योजना लंगडी पडते.

शिकारीचे दोन्ही देशांतील सामाईक नियमन १९१६ च्या स्थलांतरित पक्षी करारापासून सुरू झाले. १९३० नंतरच्या दुष्काळात तळी आटली, तेव्हा १९३४ मध्ये अमेरिकेत ‘डक स्टॅम्प’ आला. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या, १६ वर्षांच्या व त्यावरील प्रत्येकाला हे तिकीट घ्यावे लागते. पहिले तिकीट व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी चितारले. किंमत १ डॉलर होती, पुढे ती २५ डॉलर झाली. या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात किंवा मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून त्यांवरील काही हक्क तेवढे घेतले जातात. १९३७ पासून बंदुका व काडतुसांवरील कर आणि १९५० पासून मासेमारीच्या साहित्यावरील करही राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला जातो. शिकार जवळपास पूर्ण बंद असलेल्या भारतातील वाचकाला हे उलटे वाटेल. पण व्यवस्था चालली आहे, हेही खरे. तिची कमजोरी अशी की शिकारी घटले तर तिजोरीही आटते.

दर मे महिन्यात विमाने जमिनीपासून जेमतेम ३०-४५ मीटरवरून ठरलेल्या रेषांवर उडतात आणि वैमानिक व सहनिरीक्षक आपापल्या बाजूची बदके व तळी मोजतात. १९५५ पासूनची ही गणना शिकारीच्या मोसमाचे दिवस आणि रोज किती पक्षी मारता येतील याची मर्यादा ठरवताना आधार म्हणून वापरतात. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून, कॅनडात १९९९ पासून बंद आहेत. खाजगी शेतात शिरण्याचे नियम राज्यागणिक बदलतात: साउथ डकोटात आधी परवानगी लागते, तर नॉर्थ डकोटात मालकाने मनाई जाहीर केली नसेल तर शिकाऱ्याला शिरता येते. साउथ डकोटाचा राज्यपक्षी रिंगनेक फेझंट हा मुळात आशियातून आणून सोडलेला. १९१९ मध्ये स्पिंक परगण्यात त्याची पहिली शिकार खुली झाली.

मासेमारी मुख्यतः वॉलाय, यलो पर्च आणि नॉर्दर्न पाइक या माशांची. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकतात. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की प्रकाश अडतो, प्राणवायू संपतो आणि उथळ तळ्यांतील मासे मरतात. बदकांना ते सोयीचेच, कारण फॅटहेड मिनो हा लहान मासा बदकांच्या पिलांना लागणारे कीटक फस्त करतो. नॉर्थ डकोटातील डेव्हिल्स लेकचे पाणी १९९३ पासून सुमारे ९ मीटर चढले; शेते व रस्ते बुडाले, पण पर्च व वॉलायसाठी ते नावाजले. २००५ पासून त्याचे पाणी शायेन नदीत सोडण्याची सोय झाली, आणि परके जीव आपल्या नद्यांत येतील म्हणून मॅनिटोबाने तिला विरोध केला.