माल तोच, वडी तेवढीच, मग दर का बदलला?

आमच्या साबणाचा दर बदलला की ग्राहक हेच विचारतात, आणि विचारायलाच हवे. उत्तर मात्र बहुतेक वेळा साबणाच्या बाजारात सापडत नाही.

साबण म्हणजे मुख्यतः तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारे रसायन. तेलाचे कोडे फार अवघड नाही. एक तेल महागले की खरेदीदार दुसऱ्याकडे वळतात, मग तेही चढते. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर रशियाने मोठा हल्ला केला आणि सूर्यफूल तेलाची आवक अडली. आम्ही सूर्यफूल तेल वापरत नाही, तरी आमचे पामतेल भडकले. त्यात 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. बंदी साडेतीन आठवड्यांत उठली, पण तोवर सगळ्यांची धांदल उडाली होती.

खरी गंमत सोड्याची आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन एकदमच तयार होतात: 1 टन क्लोरीनमागे साधारण 1.1 टन सोडा. एक हवे, दुसरे नको, असे जमत नाही. क्लोरीन विषारी वायू, तो फार साठवून ठेवता येत नाही. त्याचा सर्वांत मोठा वापर पीव्हीसी या प्लास्टिकसाठी, म्हणजे पाइप आणि खिडक्यांच्या चौकटींसाठी. बांधकामे मंदावली की पाइप खपत नाहीत, क्लोरीन उचलले जात नाही, म्हणून कारखाने उत्पादनच कमी करतात. सोडाही आपोआप कमी होतो. कागद आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना तर तो तेवढाच हवा असतो. थोडक्यात, घरे कमी बांधली गेली म्हणून साबण महागतो! आम्हालाही पहिल्यांदा हे पटले नव्हते.

उलटेही घडते. तेलापासून बायोडिझेल हे इंधन करताना 10 किलो तेलामागे जवळपास 1 किलो ग्लिसरीन निघते. 2000 नंतर बायोडिझेलचे कारखाने वाढले आणि ग्लिसरीनचे भाव कोसळले. पण ते कारखाने तेलही ओढतात. त्यामुळे आमच्या पारदर्शक ग्लिसरीन साबणाचा दर कधी साध्या वडीच्या विरुद्ध दिशेने जातो. ती छपाईची चूक नसते.

तेल उतरल्याची बातमी आली तरी आमचा दर लगेच उतरत नाही, कारण आधी चढ्या भावाने घेतलेला साठा संपायचा असतो. वाढ किंवा घट तेलामुळे आहे की सोड्यामुळे, हे दरपत्रकाच्या मागे लिहिलेले असते. तिथे काही लिहिलेले नसेल तर आम्हाला जरूर विचारा.