उताण्या पोहण्याच्या दोन तऱ्हा

कमरेला असोले नारळ बांधून विहिरीत पोहायला शिकलेली कोकणातली पोरं दमली की पाठीवर वळतात. दोन्ही हात एकदम मांड्यांपर्यंत ओढायचे, पाय गुडघ्यात दुमडून बाहेरच्या बाजूने झाडायचे आणि मिळालेल्या गतीवर तसंच सरकत जायचं. ऑलिम्पिकमध्ये १९०० साली बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहण्याची शर्यत, पहिल्यांदा आला, तोही पॅरिसच्या सीन नदीत. तेव्हाचे जलतरणपटू दोन्ही हात असेच एकत्र मारत.

बदल घडला १९१२ साली, स्टॉकहोमला, आणि तिथेही शर्यत समुद्राच्या खाडीतच होती. अमेरिकेच्या हॅरी हेब्नरने आळीपाळीने हात फिरवले, पाय वर-खाली मारत ठेवले आणि सुवर्णपदक नेलं. एक हात पाणी ओढत असताना दुसरा हवेतून मागे जातो, त्यामुळे वेग मध्येच तुटत नाही. पुढे पाण्याखालचा सरळ हात कोपरात वाकवून ओढू लागले, त्यासोबत खांदे बाजूला वळू लागले. १९८८ साली सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा डाइची सुझुकी यांनी सुरुवातीचं बरंच अंतर पाण्याखालून, डॉल्फिनसारख्या लाथा मारत कापलं. सुवर्ण सुझुकीला मिळालं. त्यानंतर पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा आली. आज ती १५ मीटर आहे. भारताच्या श्रीहरी नटराजने २०२१ मध्ये १०० मीटर ५३.७७ सेकंदांत पार केले, ते याच तंत्राने.

तलावासाठी हे तंत्र उत्तमच. पण मालवण-तारकर्लीच्या उसळत्या पाण्यात हवेत उचललेल्या हाताचं वजन अंगाला खाली दाबतं, आणि लाट नेमकी त्याच वेळी तोंडावर फुटते. जुन्या तऱ्हेत हात पाण्याखालूनच परत आणता येतात, त्यामुळे चेहरा वर राहतो आणि श्वास सलग चालतो. बुडणाऱ्याला ओढून आणणारे जीवरक्षकही पाठीवर पडून जुन्या तऱ्हेतली ती दुमडून झाडायची बेडूक-लाथच मारतात, कारण त्यांचे हात मोकळे नसतात. शर्यतीने टाकून दिलेली ही तऱ्हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला आधी शिकवावी, मग आळीपाळीचे हात, असं मला ठामपणे वाटतं. खाऱ्या पाण्याचा तरंगवण्याचा जोर गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे शिकणाऱ्याला मदतच होते.

समुद्रात आत खेचणाऱ्या प्रवाहाची ओढ लागली की किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याविरुद्ध झगडणारे दमून बुडतात. पाठीवर पडावं, श्वास सावरावा, आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर यावं.