पर्यावरणीय आघात मूल्यांकन : विद्यापीठीय अभ्यास

धरण, खाण, बंदर, औष्णिक वीज केंद्र किंवा मोठी गृहसंकुले उभी राहण्यापूर्वी त्यांचा हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी आणि माणसांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल याचा अंदाज बांधणे, तो टाळण्याचे किंवा कमी करण्याचे उपाय सुचवणे आणि हे सारे निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडणे, या प्रक्रियेला पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. वर्गात आणि सल्लागार कंपन्यांत तिला सरसकट ‘ईआयए’ (एन्व्हायर्न्मेंटल इम्पॅक्ट असेसमेंट) म्हणतात. भारतात हा विषय पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला, पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला, तसेच नगरनियोजन आणि कायद्याच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे पर्यावरणशास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत. नागपूरची ‘नीरी’ ही १९५८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे अहवाल स्वतः तयार करते.

अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी लागू झाला आणि मोठ्या सरकारी कामांआधी परिणामांचे लेखी निवेदन देणे तिथल्या यंत्रणांवर बंधनकारक झाले. निवेदन लिहायचे कसे, याची पद्धत मात्र तेव्हा कोणाजवळ नव्हती. पुढच्याच वर्षी तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील लुना लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी एक सारणी मांडली. एका बाजूला प्रकल्पातील १०० कृती, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक, आणि प्रत्येक लागू चौकटीत परिणामाची तीव्रता व महत्त्व यांना १ ते १० गुण. ही लिओपोल्ड सारणी आजही विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा येणारे साधन आहे. तिचा उपयोग मोठा आहे, कारण रस्त्याचा भराव आणि ओढ्यातली मासळी यांचा संबंध ती डोळ्यांपुढे आणते. पण दोन विद्यार्थ्यांना एकच प्रकल्प दिला तर दोघांचे गुण सहसा जुळत नाहीत. आकडा लिहिला की तो मोजलेला वाटतो, प्रत्यक्षात तो मत असतो, हे शिक्षकाने इथेच दाखवून द्यायला हवे. नकाशांवर नकाशे ठेवण्याची पद्धत, कारण-परिणामांची जाळी, १९७२ची, घटकांमध्ये एकूण हजार गुण वाटणारी बॅटेल पद्धत या सगळ्या याच प्रश्नाशी झुंजतात.

भारतात १९७६-७७ साली नियोजन आयोगाच्या सूचनेवरून नदीखोरे प्रकल्पांची पर्यावरणाच्या दृष्टीने तपासणी सुरू झाली. ती कायदेशीर सक्ती झाली २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेने. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हा तिचा आधार. १९९७च्या दुरुस्तीने जनसुनावणी आली. सध्या अभ्यासाचा कणा आहे तो १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेचा : प्रकल्पांचे ‘अ’ आणि ‘ब’ वर्ग, छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, लोकांशी सल्लामसलत आणि तज्ज्ञ समितीचे परीक्षण. ‘अ’ वर्गाला केंद्र सरकार मंजुरी देते, ‘ब’ वर्गाला राज्यस्तरीय प्राधिकरण. या अधिसूचनेत वेळोवेळी इतक्या दुरुस्त्या झाल्या आहेत की छापील पाठ्यपुस्तकावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

पदवीच्या पातळीवर या विषयाची तोंडओळख होते ती पर्यावरण अभ्यासाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमातून. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशातून ती सक्ती आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले.

मूलस्थिती आणि क्षेत्रकार्य

प्रकल्प येण्यापूर्वी त्या जागी काय आहे याची नोंद म्हणजे मूलस्थिती. विद्यार्थ्याची खरी घडण इथे होते. साधारणपणे प्रकल्पस्थळाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचा परिसर अभ्यासला जातो. आठवड्यातून दोनदा, चोवीस तास, बारा आठवडे हवेचे नमुने घेतले जातात आणि त्यांतील सूक्ष्म धूलिकण, सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनचे ऑक्साइड मोजले जातात. २००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १०ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची) चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ची (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) ६० आहे. विहिरी-ओढ्यांचे पाणी, माती आणि आवाज यांच्याही नोंदी होतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वनस्पतींसाठी चौकट टाकून मोजणी करतात, प्राण्यांसाठी ठरावीक रेषेवरून चालत नोंदी घेतात. चिमणीतून निघणारा धूर कुठवर, किती पसरेल याचे गणित संगणकावरील प्रतिमान करते. त्याला स्थानिक वाऱ्याची दिशा आणि वेग नीट दिले नाहीत, तर उत्तर सुबक येते आणि चुकीचे असते.

प्रश्न हंगामाचा आहे. बहुसंख्य प्रकल्पांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. हवेच्या प्रदूषणापुरती ही सवलत समजण्यासारखी आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे कमी दिसतात. जीवसृष्टीला मात्र तोच नियम लावला की कोकणात आणि सह्याद्रीत मोठा घोटाळा होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची उघडी पठारे, एप्रिल-मे महिन्यांत पाहिले तर काळाभोर तापलेला कातळ दिसतो. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून लागलेली असते. पहिल्या पावसानंतर त्याच कातळावरच्या पाणथळ खळग्यांत गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, कीटक खाणारी दवबिंदू ही वनस्पती दिसू लागते, बेडकांची वीण होते, सैल दगडांखाली देवगांडूळ हा बिनपायाचा उभयचर सापडतो. साताऱ्याचे कास पठार २०१२ साली जागतिक वारसास्थळांत आले ते पश्चिम घाटाचा भाग म्हणून, आणि त्याचीही ख्याती पावसाळ्यातली आहे. मार्चमध्ये केलेल्या सर्वेक्षणात यातले जवळपास काहीच येणार नाही आणि अहवालात ‘विरळ झुडपे असलेली ओसाड जमीन’ एवढे वाक्य उरेल. आकडे खरे, नोंदवही चोख, आणि निष्कर्ष चूक. म्हणून कोकणातील विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य जुलै-ऑगस्टमध्ये व्हायला हवे, आणि सोबत गावातला गुरे राखणारा माणूस हवा. कोणते डबके कधी आटते हे त्याला पाठ असते. जैवविविधता अधिनियम, २००२नुसार गावोगावी करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांमागेही अशा जाणत्यांचे ज्ञान लिहून ठेवण्याचीच कल्पना आहे.

अहवाल वाचणे हा अभ्यासाचा दुसरा भाग. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातील मजकूर रशियातील खाणीच्या अहवालावरून उचललेला असल्याचे २०००च्या दशकात उघडकीस आले होते. जागेवर गेलेल्या माणसाला पहिल्या दहा पानांत असला मजकूर खटकतो. न गेलेल्याला शेवटपर्यंत खटकत नाही.

जनसुनावणी आणि न्यायनिर्णय

जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. किमान तीस दिवसांची जाहीर सूचना लागते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, चित्रीकरण होते आणि शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवला जातो. गणपूर्तीची अट नाही. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो, शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. राजापूर तालुक्यातील माडबन येथे मे २०१०मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी झाली, तेव्हाही मराठी अहवालाचा मुद्दा गाजला. २०२०च्या प्रस्तावित अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले. मराठी विद्यापीठीय वर्गाला यात करण्याजोगे काम भरपूर आहे : मूळ अहवालातील एखादे प्रकरण शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत उतरवणे ही माझ्या मते प्रबंधाइतकीच कठीण कसोटी आहे. सुनावणीत विचारलेले प्रश्न आणि अंतिम अहवालात दिलेली उत्तरे समोरासमोर ठेवून पाहणे, हा दुसरा उपयुक्त स्वाध्याय.

न्यायनिर्णयांपैकी गोव्याशी संबंधित दोन निर्णय अभ्यासायलाच हवेत. एका खाण प्रकरणात, उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की सुनावणीतील आक्षेपांचा तज्ज्ञ समितीने विचार केला पाहिजे आणि त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. मोपा विमानतळाच्या प्रकरणात २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली. अर्जाच्या ‘नमुना १’ या पहिल्याच प्रपत्रात आसपासची वने आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती नीट उघड केलेली नव्हती, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. जानेवारी २०२०मध्ये अधिक अटींसह स्थगिती उठली. अर्जातला एक रकाना किती महत्त्वाचा असतो, हे या प्रकरणातून विद्यार्थ्याला नेमके कळते.

व्यवसाय आणि पुढील अभ्यास

असे अहवाल करणाऱ्या संस्थांना भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘नॅबेट’ मंडळाची मान्यता लागते. हवा, पाणी, आवाज, भूजल, परिसंस्था, समाज-अर्थव्यवस्था अशा विषयांचे मान्यताप्राप्त तज्ज्ञ आणि त्यांच्यावर एक समन्वयक, अशी रचना असते. एम.एस्सी. झालेली मुले बहुधा नमुने गोळा करण्यापासून सुरुवात करतात. सल्लागाराचे शुल्क प्रकल्पाचा प्रवर्तकच देतो, आणि प्रतिकूल निष्कर्ष लिहिणाऱ्या तरुणावर त्याचे दडपण येते. या हितसंबंधाविषयी अभ्यासक्रमात मोकळेपणाने बोलले जावे.

मंजुरीनंतर प्रवर्तकाने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अर्ज, मंजुरीपत्रे आणि अनेक अहवाल पाहता येतात. प्रकल्प सुरू झाल्यावर दहा वर्षांनी मूळ अंदाज कितपत खरे ठरले, विहिरींची पातळी सांगितली तेवढीच उतरली की जास्त, लावलेल्या झाडांपैकी किती जगली, या अंगाने प्रबंधांना मोठा वाव आहे. त्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा जुना अहवाल, नकाशा आणि त्याच गावात पुन्हा जाण्याची तयारी लागते.