ठळक रेषेचा चकवा

ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, ज्या मूलद्रव्याची काळी रेषा ठळक, ते तिथे जास्त, असा समज अजूनही छापून येतो. तो चुकीचा आहे. सूर्याच्या दृश्य वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा हायड्रोजनच्या रेषांना झाकोळून टाकतात. प्रत्यक्षात कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साडेचार लाखांच्या आसपास अणू असतात. कारण रेषा किती ठळक हे अणूंच्या संख्येइतकंच त्यांच्या स्थितीवर, म्हणजे तापमानावर, ठरतं. कोणत्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, याचं समीकरण मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये मांडलं. त्याच्या आधारे 1925 मध्ये सेसिलिया पेन यांना तारे मुख्यतः हायड्रोजनचे दिसले, पण ज्येष्ठांच्या आक्षेपामुळे हा निष्कर्ष खरा नसावा असं त्यांना प्रबंधात लिहावं लागलं.

मग हेच समीकरण मृग नक्षत्रातल्या राजन्य (रायजेल) या ताऱ्याला लावलं की झालं? नाही. आणि मला खरी मजा इथेच वाटते.

राजन्य हा निळा महाराक्षसी तारा, पृष्ठभाग सुमारे 12,000 केल्विनचा. साहांच्या समीकरणात गृहीत असं, की कण सतत एकमेकांवर आदळून ऊर्जा तिथल्या तिथे वाटून घेतात, म्हणजे समतोलात असतात. राजन्याचं वातावरण फुगलेलं आणि फार विरळ. टकरी थोड्या, प्रकाशाचा मारा प्रचंड. अणूतला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या कोणत्या पायरीवर बसणार, हे शेजारच्या वायूपेक्षा खोलातून आलेला प्रकाशच जास्त ठरवतो. ऑक्सिजनच्या 777 नॅनोमीटरजवळच्या तीन रेषा घ्या. त्या ज्या पायरीवरून सुरू होतात, तिथून तळाला उतरायची वाट जवळजवळ बंद असते. इलेक्ट्रॉन तिथे अडकून गर्दी करतात, प्रकाश शोषणारे वाढतात, रेषा गडद होते. अशा ताऱ्यांत साहांचा समतोल गृहीत धरून मोजलं, तर ऑक्सिजन कित्येक पट जास्त निघतो.

म्हणून प्रत्येक पायरीवरची इलेक्ट्रॉनांची आवक-जावक वेगळी सोडवावी लागते, तीही प्रकाशाच्या प्रवासासकट, कारण पायऱ्या प्रकाशावर आणि प्रकाश पायऱ्यांवर अवलंबून. तापमान एकाच मूलद्रव्याच्या दोन आयनांच्या (वेगवेगळ्या संख्येने इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या) तुलनेतून मिळतं, पृष्ठभागावरचं गुरुत्व हायड्रोजन रेषांच्या पसरट कडांवरून.

एवढं केल्यावर राजन्यात नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी आढळतो. गाभ्यात हायड्रोजन जळताना, म्हणजे त्याचं हेलियम होताना, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन एकमेकांत बदलत राहतात. त्या चक्रात नायट्रोजन खर्च होण्याचा टप्पा सर्वांत मंद, म्हणून तो साचतो आणि ढवळून वर येतो. तिघांच्या अणूंची बेरीज मात्र बदलत नाही. ती जुळली नाही, तर संशय आधी आपल्या गणितावर घ्यायचा.