तुमच्या ॲपमधलं ‘ओपन सोर्स लायसन्स’चं पान

ॲप हातात पडलं की बरेच ग्राहक आम्हाला हमखास विचारतात: सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी हे ‘ओपन सोर्स लायसन्स’ काय आहे? उघडलं की इंग्रजी मजकूर सुरू होतो तो संपता संपत नाही. काढून टाकलं तर चालेल का?

नाही चालणार. का, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

तुमच्या ॲपमधली प्रत्येक ओळ आम्ही लिहिलेली नाही. सर्व्हरशी बोलणं, फोटो झटकन दाखवणं, तारखांचे हिशेब ही कामं तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले कोडचे संच, करतात. त्या लिहिणाऱ्यांनी आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. पैसे मागितले नाहीत, पण हक्कही सोडलेला नाही. लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, आणि त्या परवानगीला अटी असतात. अट मोडली तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००८ साली हेच मान्य केलं. तो खटला खेळण्यातल्या रेल्वे चालवणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा होता.

सर्वात जास्त भेटणारं एमआयटी लायसन्स घ्या. ते जेमतेम पावणेदोनशे शब्दांचं आहे. वर एक ओळ असते: कॉपीराइट, साल, लिहिणाऱ्याचं नाव. खाली परवानगी, आणि अट एकच: ही ओळ आणि हा मजकूर सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. ॲप एखाद्याच्या फोनवर उतरलं की तीही प्रतच झाली. म्हणून ‘अमुक लायब्ररी, एमआयटी लायसन्स’ एवढं लिहून भागत नाही. सुरुवातीच्या काही ॲपमध्ये आम्ही तेवढंच लिहिलं होतं आणि काम झालं असं समजलो होतो. नंतर मूळ फायली शेजारी ठेवून ताडून पाहिलं, तर नेमकी नावाची ओळच गळलेली. ज्याचं श्रेय, त्याचंच नाव नाही! तेव्हापासून प्रत्येक लायब्ररीचा मजकूर आम्ही जसाच्या तसा घेतो.

बीएसडी या दुसऱ्या लायसन्सचं मागणं जवळपास तेच आहे. अपाची २.० या लायसन्समध्ये (जानेवारी २००४) लायसन्सची प्रत द्यावी लागते, शिवाय लायब्ररीसोबत ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयंही पुढे द्यावी लागतात. ही फाइल नजरेतून सहज सुटते, म्हणून ती आम्ही मुद्दाम शोधतो.

जीपीएल या लायसन्सची गोष्ट वेगळी. तिथे नाव देऊन भागत नाही, ॲपचा सोर्स कोड, म्हणजे आम्ही लिहिलेला मूळ कोडही, खुला करावा लागतो. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर जानेवारी २०११ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवरून उतरवला गेला. स्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत, अशी त्याच्याच एका डेव्हलपरची हरकत होती. लायसन्स बदलल्यावर २०१३ मध्ये तो परत आला. त्यामुळे जीपीएलची लायब्ररी तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही घेत नाही.

ॲपमधल्या लायब्ररी आणि त्यांच्या लायसन्सची यादी बनवायला साधनं आहेत. फ्लटर हे ॲप बनवण्याचं साधन प्रत्येक पॅकेजची (म्हणजे लायब्ररीची) लायसन्स फाइल आपोआप गोळा करतं, आयफोनच्या बाजूला लायब्ररी जोडून देणारं कोकोपॉड्स श्रेयांची फाइल तयार करून देतं. अँड्रॉइडवर मात्र काही वेळा पूर्ण मजकुराऐवजी नुसती लिंक मिळते. नेट नसेल तर ती उघडत नाही आणि उद्या ते पान हलूही शकतं. म्हणून आम्ही मजकूरच ॲपमध्ये ठेवतो. फाँट, आयकॉन, कुठून तरी उचललेला चार ओळींचा कोड ही साधनांना बहुधा दिसत नाहीत. ते हातानेच भरावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा वापर असेल तर त्याचं श्रेय या पानावर टाकून चालत नाही, ते नकाशापाशीच दिसायला हवं.

तुमच्याकडून काही गोष्टी हव्यात. पानाचं शीर्षक मराठीत करा, जागा बदला, अक्षरं लहान करा, काही हरकत नाही. लायसन्सचा मजकूर मात्र भाषांतरित करू नका, छाटू नका. ॲप जड होईल ही भीती नको. हा सगळा मजकूर मिळून एका साध्या फोटोपेक्षाही कमी जागा घेतो.

पुढे काम दुसऱ्या डेव्हलपरकडे दिलंत तर यादीही त्याच्या हवाली करा. जाहिरातींचं किंवा पेमेंटचं नवं एसडीके (त्या कंपनीने दिलेला तयार कोड) जोडलं की यादी लगेच जुनी होते. आणि तुमच्या करारात ‘ॲपमधला सर्व कोड आमच्या मालकीचा’ असं वाक्य असेल तर ते बदलून घ्या. आम्ही लिहिलेला कोड तुमचा, लायब्ररी ज्यांच्या त्यांच्या.

प्रत्येक नव्या आवृत्तीआधी आम्ही ताजी यादी तुम्हाला पाठवतो. तुमच्या डिझायनरने परस्पर एखादा फाँट किंवा चित्र दिलं असेल तर ते कुठून घेतलं, हे त्याच दिवशी कळवा. स्टोअरवर गेल्यावर शोधत बसण्यापेक्षा ते फार सोपं जातं.